स्पोक किती लांबीचा?

परभणीत माणसाला स्वतःच्या शर्टाचं माप विचारलं तर तो कॉलर उलटवून बघतो, पण दुसऱ्याच्या सायकलला किती लांबीचा स्पोक लागेल हे मात्र न बघता सांगतो. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आम्ही उगाच मिरवत नाही. यंत्रांविषयीची मतं दोन्हीकडं सारखीच ठाम. जर्मनीत मत देण्याआधी मोजत असतील, एवढाच काय तो फरक.

माझ्या सायकलच्या मागच्या चाकाची रिम एका खड्ड्यात गेली. खड्डा कोणत्या रस्त्यावरचा ते सांगत नाही. प्रत्येक परभणीकराने आपापला धरून चालावं. हब, म्हणजे चाकाच्या मधला स्पोक अडकवायचा भाग, धडधाकट होता, तेव्हा नुसती रिम आणून त्याच हबवर चाक नव्याने बांधायचं ठरलं. रिम विकणाऱ्याने सांगितलं, “सातशेचीच आहे सर, जुने स्पोक बिनधास्त बसतेत.”

आता हे ‘सातशे’ काय प्रकरण आहे ते ऐका. सातशेच्या रिममध्ये सातशे मिलिमीटर असं काहीही नसतं. टायर जिथं बसतो तिथला व्यास ६२२. पूर्वी टायर चढवल्यावर बाहेरून सातशेच्या आसपास भरायचं, ते नाव चिकटलं ते चिकटलंच. हीच रिम बाजारात ‘अठ्ठावीस इंची’ म्हणूनही खपते. दूधवाल्याच्या काळ्या सायकलची रिमही अठ्ठावीस इंचीच, पण ती ६३५ ची. आणि शाळेत शिकलेले अठ्ठावीस इंच मोजायला गेलं तर ७११ होतात, ते या दोन्हींत नाहीत. बरं, यातला एकही आकडा स्पोकसाठी उपयोगाचा नाही. स्पोकला लागतो तो वेगळाच व्यास: समोरासमोरच्या दोन भोकांत निपल, म्हणजे स्पोकच्या टोकावर फिरणारे बारीक नट, बसवले की स्पोकची टोकं जिथं संपायला हवीत, तिथून तिथपर्यंतचा. तो माझ्या रिमवर कुठंच छापलेला नव्हता. हवा किती भरावी, चाक कोणत्या बाजूने फिरवावं, रिम किती भारी आहे, हे सगळं ठळक अक्षरांत होतं.

स्टेशन रोडच्या मागच्या बोळात चाचांचं दुकान आहे. चाचांची सगळी हयात पुढं बत्तीस, मागं चाळीस स्पोकांच्या काळ्या सायकली बांधण्यात गेली. माझ्या चाकाला छत्तीस भोकं बघून ते म्हणाले, “छत्तीसचा आकडा हाय सर तुमचा चाकाशी.” मग जुना स्पोक हबमध्ये घालून नव्या रिमवर आडवा धरला, एक डोळा मिटला आणि निकाल दिला, “लंबा है. दीड सूत.”

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. दीड सूत म्हणजे पावणेपाच मिलिमीटर झाले. जुनी रिम एकपदरी, नवी दुपदरी आणि खोल. निपल आत सरकलं, स्पोक लांब पडला. मी विचारलं, “थोडा लांब असला तर काय बिघडतं?” चाचांनी माझ्याकडं अशा नजरेने पाहिलं की पुढचं सगळं त्यांनी समजावून सांगितलं नसतं तरी चाललं असतं. स्पोक लांब असेल तर आटे संपतात, निपल पुढं सरकत नाही आणि ताण काही येत नाही. एकपदरी रिम असेल तर टोक वर निघून ट्यूबमध्ये घुसतं, ते वेगळंच. आखूड असेल तर स्पोक निपलच्या डोक्यापर्यंत पोचत नाही, सगळा भार मानेवर येतो आणि एके दिवशी डोकं तुटून रिममध्ये खुळखुळत बसतं. मिलिमीटर इकडंतिकडं चालतो, सूत चालत नाही. चाचांचं सगळ्यात बारीक माप सूत, त्यामुळं ते प्रामाणिकपणे म्हणाले, “लांबी तुम्ही काढून आणा. बांधून मी देतो. बनी तो बनी, नहीं तो परभणी.”

मी ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतो. माझ्या हाती गणिताचं काम आलंय असं कळलं की लोक फार उत्साहाने गोळा होतात.

पहिला आला भाचा. नांदेडला इंजिनिअरिंगला आहे. “मामा, सोप्पंय. कोसाइन रूल,” म्हणत त्याने दुधाच्या हिशेबाच्या वहीत चित्र काढलं. रिमच्या त्रिज्येचा वर्ग, हबवर भोकांचं जे वर्तुळ असतं त्याच्या त्रिज्येचा वर्ग, आणि हबची कड चाकाच्या मध्यापासून जितकी बाजूला आहे त्या अंतराचा वर्ग, या तिन्हींची बेरीज. त्यातून दोन्ही त्रिज्यांचा गुणाकार दुप्पट करून, कोनाच्या कोसाइनने गुणून वजा करायचा. उरलं त्याचं वर्गमूळ. त्यातून हबच्या भोकाची त्रिज्या वजा. कोन कुठून आणायचा? ३६ स्पोकांचं चाक आणि प्रत्येक स्पोक इतर तीन स्पोकांना छेदत जाणार असेल तर ३ गुणिले ७२० भागिले ३६, म्हणजे ६० अंश.

या कोनाचं खापर फोडायचं तर जेम्स स्टार्ली या इंग्रजावर फोडावं लागेल. स्पोक हबमधून सरळ रिमकडं न नेता तिरपे, हबला स्पर्शून गेल्यासारखे बसवायचं पेटंट त्याने १८७४ साली घेतलं. त्याचंही बरोबर होतं. पायडल मारल्यावर हबला जो पीळ बसतो तो सरळ स्पोकांना झेपत नाही. पण सरळ स्पोकांचं काम आमच्यासारख्यांना पायथागोरसवर भागवता आलं असतं. माझ्याच हबला आणि माझ्याच रिमला सरळ स्पोक लावले तर डावीकडं २८० मिलिमीटरचे लागतात, तीन छेदांचे २९१ चे, चार छेदांचे २९९ चे. तेव्हा आधी छेद किती ते ठरवा, मग लांबीच्या गोष्टी करा. चाचांनी फोनवर एका शब्दात ठरवलं, “तीन.”

भाच्याने आकडे टाकले. उत्तर आलं ३२३. चाचांना कळवलं, तर ते म्हणाले, “एवढा स्पोक मी आजपावेतो हातात धरला नाही. छत्री बनवायलेत का सर?” भाचा सूत्रावर ठाम. सूत्राचा खरंच दोष नव्हता. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर होता, आणि साठ रेडियनचा कोसाइन उणे पंच्याण्णव शतांश निघतो. साठ अंशांचा कोसाइन अर्धा, एवढं मराठीच्या मास्तरालाही आठवतं. पण घरात इंजिनिअर असताना मराठीच्या मास्तराचं कोण ऐकतो?

मग स्टाफरूममधून भौतिकशास्त्राचे सर आले, प्रयोगशाळेतला व्हर्निअर कॅलिपर घेऊन. हबच्या कडेवरचं भोकांचं वर्तुळ मोजायचं होतं. सरांनी आधी शून्य दोष काढला. मग वाचनं घेतली, सरासरी काढली आणि ४५.१ की ४५.० यावर भाच्याशी इतका वाद घातला की चहा दोनदा गरम करावा लागला.

“आणि रिम?” मी विचारलं.

रिम व्हर्निअरमध्ये मावत नव्हती. तेव्हा हिचा शिवणकामाचा टेप काढला गेला, भाच्याने एक टोक धरलं, सरांनी दुसरं, आणि ५९८ हा आकडा कुठलीही सरासरी न काढता वहीत गेला.

या सगळ्या प्रकरणात मला काही सांगायचं असेल तर ते इथंच. सूत्र बिचारं गरीब आहे, ते कधीच चुकत नाही. गडबड सगळी मापांची. आणि सगळी मापं सारखी महत्त्वाची नसतात. हबच्या वर्तुळात एक दशांश मिलिमीटर इकडंतिकडं झाला, तर स्पोकच्या लांबीत दोन शतांशांचा फरक पडतो. तो फरक चाचांना नाही, सरांना नाही, परमेश्वरालाही दिसणार नाही. हबची कड मध्यापासून किती दूर आहे यात अख्ख्या मिलिमीटरची चूक केलीत तरी स्पोक साधारण एका दशांशानेच हलतो. पण रिमच्या व्यासात दोन मिलिमीटर चुकले की स्पोक सरळ एका मिलिमीटरने चुकला. म्हणजे जिथं गोणपाटाचा दोरा चालला असता तिथं व्हर्निअर, आणि जिथं सगळा जीव अडकलाय तिथं ब्लाउजचा टेप. आपल्याकडच्या लग्नात पत्रिकेवरच्या वेलांटीवर दोन बैठका होतात आणि पाहुणे किती येणार हे कुणीच मोजत नाही, त्यातलीच ही तऱ्हा.

ही दारातून म्हणाली, “तो टेप ढिला झालाय. मी दर वेळी अर्धं बोट सोडून धरते.” ढिला टेप ताणला गेलेला असतो, त्यामुळं तो खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. तिला हे ठाऊक होतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

शेवटी वसमत रोडवरच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून मीटरभर लांबीची स्टीलची पट्टी आणली. दोन जुने स्पोक समोरासमोरच्या भोकांतून निपलांत घट्ट बसवले, ओढून धरले, मधलं अंतर मोजलं, त्यात दोन्ही स्पोकांची लांबी मिळवली. रिम फिरवून आणखी दोन ठिकाणी तेच. ६०२ भरलं. मग गणित सरळ झालं: डावीकडं कड मध्यापासून ३७ मिलिमीटरवर, तिथला स्पोक २९१.४५; उजवीकडं फ्रीव्हील बसतं म्हणून कड आत, २१ वर, तिथला २८९.८६. एकाच चाकाला दोन लांब्या. हे ऐकून शेजारच्या काकांनी मला परत मोजायला सांगितलं, कारण चाक गोल असतं असं त्यांचं म्हणणं.

स्पोक काही २९१.४५ मिलिमीटरचे मिळत नाहीत. मी फोन लावला त्या दुकानात दोन-दोनच्या टप्प्याने होते. मी २९० आणि २९२ सांगितले. पलीकडून प्रश्न आला, “टोपीसकट का टोपी सोडून?” स्पोकची लांबी वाकलेल्या कोपराच्या आतल्या बाजूपासून आट्याच्या टोकापर्यंत धरतात. हे त्यांना मी सांगितलं, याचं त्यांना वाईट वाटलं असावं, कारण लगेच उत्तर आलं, “अठरा-अठरा सुटे मिळणार नाहीत. छत्तीसचा सेट घ्या.” दोन सेट घेतले. निम्मे उरणार हे माहीत असून घेतले.

चाचांनी चाक बांधायला घेतलं तेव्हा कुणाशी बोलले नाहीत. आऊट, म्हणजे चाकाची डुगडुग, काढताना ते उजवीकडचा स्पोक बोटाने छेडायचे तर टणक आवाज, डावीकडचा छेडला की ढिला, खालच्या पट्टीतला. भाच्याला वाटलं डावीकडचे सैल राहिले. तसं नसतं, उजवे जास्त उभे असतात म्हणून रिम मध्यावर राखायला त्यांना जास्त ताण लागतो, आणि या चाकात डाव्यांवर उजव्यांच्या जेमतेम ५७ टक्के ताण येतो. ३७ आणि २१ चं तेच प्रमाण. हे भाच्याने कागदावर सिद्ध करून दाखवलं. चाचांनी तो कागद बघितला, घडी केली आणि त्यावर छर्रे पुसले.

स्पोकची टोकं निपलच्या खाचेच्या बरोबरीने आली, ना वर ना खाली. उरलेल्या स्पोकांचा पत्ता गल्लीतल्या पोरांना लागलाय. निपलमध्ये काडेपेटीच्या काड्यांचा गूल भरून, स्पोक ठोकून, ते सकाळ-संध्याकाळ बार काढतात.

चाकापेक्षा ख्याती मोठी झाली, ही मात्र पंचाईत. आता लोक मला लांबी विचारायला घरी येतात. परवा मागच्या गल्लीतला एक जण आला.

“सर, पोराच्या सायकलला स्पोक टाकायचेत. सव्वीसला किती लांबीचे लागतेत?”

“कोणतं सव्वीस?” मी विचारलं. “सव्वीस इंचीत ५५९ ची रिम येते, ५९० चीही येते. तुमचं कोणतं?”

त्याने नीट विचार केला आणि म्हणाला, “लाल.”