पाय धरायचे की बघायचे?

संध्याकाळपासून डोकं तापलंय. जेवणही धड गेलं नाही. म्हटलं लिहून मोकळं व्हावं. ज्यांना लांबलचक पोस्टचा कंटाळा आहे त्यांनी खुशाल पुढं सरकावं, राग नाही.

आज भाचीनं एका कार्यक्रमात ड्रम वाजवला. आठवीत आहे पोरगी. सेकंडहँड सेट, पायानं मोठा बास ड्रम वाजवायचं पेडल एकच, बसायला मांडवाची प्लास्टिकची खुर्ची. वाजवलं झकास. मधे एका ठिकाणी उजव्या पायानं लागोपाठ दोन किक, म्हणजे बास ड्रमवरचे ठोके, अशा टाकल्या की मागं उभा असलेला बँजो पार्टीतला एक पोरगा शिट्टी मारायला लागला. त्याला कळलं काय झालं ते. मग प्रमुख पाहुणे उठले. नाव लिहीत नाही, गावात मान आहे त्यांना, असू द्या. माइक घेतला आणि म्हणाले, "मुलीनं प्रयत्न छान केला. पण हल्लीची पिढी यूट्यूब बघून वाजवते. मोबाईल म्हणजे गुरू नव्हे. गुरूचे पाय धरल्याशिवाय विद्या येत नाही."

टाळ्या! टाळ्या वाजवणाऱ्यांत माझे आईवडीलही होते, म्हणजे पोरीचे सख्खे आजीआजोबा. त्यांना काय ऐकू गेलं काय की.

पोरगी काड्या हातात धरून स्टेजवर उभीच.

मला एक सांगा, कुणाचे पाय धरायचे? हातांचं मी समजू शकतो. तबल्याला बोल आहेत. गुरुजी तोंडानं म्हणणार, शिष्य हातानं काढणार, चुकलं की लगेच कानाला कळणार. शेकडो वर्षं घासून घासून गुळगुळीत झालेली पद्धत आहे ती, तिच्यापुढं मी कोण बोलणार. पण पेडलवरच्या पायाला कुठला बोल आहे? घुंगरू बांधलेल्या पायाला आहे, पेडलवरच्या पायाला नाही. हे पेडल आलंच मुळी काल-परवा. १९०९ साली शिकागोत विल्यम लुडविगनं आपल्या मेव्हण्याच्या मदतीनं वेगात चालणारं पेडल बनवलं, तिथून ते सगळीकडं पसरलं. थिएटरात वाजवणारा माणूस होता, आधीची पेडलं त्याच्या पायाला पुरत नव्हती. त्याच्याही आधी तर बास ड्रम आणि स्नेअर हा छोटा ड्रम शेजारीशेजारी ठेवून एकच माणूस दोन्ही काड्यांनी बडवायचा. म्हणजे सगळं मिळून शंभर-सव्वाशे वर्षांचं प्रकरण, आणि तुम्ही मला परंपरा शिकवणार?

आता मुद्द्याचं. कुठल्याही ऑर्केस्ट्रात पहिल्या रांगेत जाऊन बसा. ड्रमरचे हात दिसतात, झांजा दिसतात, मान डोलताना दिसते. उजवा पाय? तो त्या बावीस इंची बास ड्रमच्या मागं. अख्ख्या वाद्यात हीच एक गोष्ट अशी की समोर बसून जन्म गेला तरी दिसायची नाही.

आमच्या वेळची गोष्ट. सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात ऑर्केस्ट्रा असला की आम्ही तीन तास आधी जाऊन सामान उतरवायचो, म्हणजे फुकट आत जाता यायचं. तिथं एक ड्रमर होते, सगळे अण्णा म्हणायचे. उजव्या पायातली चप्पल काढायची, डाव्यातली तशीच ठेवायची आणि बसायचं. त्यांची किक म्हणजे काय सांगू. पोटात यायची. गाणं कुठलंही असो, ती दोन किकची जोडी टाकायचे आणि सगळा हॉल नकळत पुढं झुकायचा. मी विंगेतून बघायचो, तर नेमकी हायहॅटची, म्हणजे डाव्या पायानं मिटायच्या झांजांच्या जोडीची बाजू. हायहॅटवरचा डावा पाय दिसायचा, उजवा नाही. एकदा मध्यंतरात ते बशीत चहा ओतत होते, तेव्हा धीर करून म्हटलं, "अण्णा, तेवढा पाय दाखवा की."

अण्णांनी फुर्र करून चहा ओढला आणि म्हणाले, "पाय धरायचे असतात बे, बघायचे नसतात."

सगळे हसले. मीही हसलो आणि खरंच वाकून पाय धरले. अनवाणी होता तोच.

पाय धरून काय आलं? काही नाही. पुढं कित्येक वर्षं मी तीच जोडी टाच आपटून आपटून काढायचा प्रयत्न केला, कारण पुढं कधीतरी अण्णांनी मेहेरबानी करून दोनच शब्द सांगितले होते, "टाच आपट." आपटली. नडगीपासून मांडीपर्यंत सगळं भरून यायचं आणि दुसरा ठोका कायम पिचका. शेवटी ड्रम सोडून नोकरीला लागलो. आज पाहुण्यांनी "गुरूचे पाय" म्हटलं तेव्हा मला तो चहाच्या बशीचा फुर्र आवाज आला, खरं सांगतो.

आणि ही पोरगी. हिनं काय केलं? एका व्हिडिओत कॅमेरा चक्क पेडलच्या शेजारी जमिनीवर ठेवलेला. पायाचा पंजा, फूटबोर्ड म्हणजे पाय ठेवायची पट्टी, साखळी, ड्रमवर आपटणारा बीटर, एवढंच चित्र. माणसाचं तोंडसुद्धा दिसत नाही. ताल मोजणारा मेट्रोनोम मिनिटाला १२० ठोक्यांवर लावून एका ठोक्यात चार टाकायला गेलात तर सेकंदाला आठ ठोके होतात. म्हणजे दोन किकमधलं अंतर सेकंदाचा आठवा हिस्सा. कुठल्या गुरूचा पाय तुम्ही उघड्या डोळ्यांनी पकडणार? तोच व्हिडिओ पाव वेगानं लावला की ते अंतर अर्ध्या सेकंदाचं होतं. मग दिसतं की पहिल्या ठोक्याला पंजा फूटबोर्डच्या मध्याजवळ पडतो आणि दुसऱ्याला तसाच पुढं साखळीकडं सरकतो. पाय दोनदा उचलायचाच नाही! याला स्लाइड म्हणतात. हील-टो वेगळं, त्यात पहिला ठोका टाचेकडच्या दाबानं आणि दुसरा बोटांकडून. स्विव्हल आणखी वेगळं, त्यात पंजा तिथंच राहून टाच डावी-उजवी फिरते. स्वित्झर्लंडच्या जोजो मेयर या ड्रमरनं नुसत्या पायावर अख्खी डीव्हीडी काढलीय. नुसत्या पायावर! आमच्या काळात असं काही असतं हे स्वप्नातसुद्धा आलं नसतं.

कुणीतरी आता म्हणेल, लेड झेपलिन या रॉक बँडच्या ड्रमर बॉनमनं कुठला व्हिडिओ बघितला होता? १९६९ साली लेड झेपलिनच्या पहिल्याच अल्बममध्ये एका पेडलवर असं काही वाजवलं की लोकांना वाटलं दोन बास ड्रम आहेत. नव्हता बघितला, मान्य. बॉनम बॉनम होता, आपण आपण आहोत. पुढं.

भाची महिनाभर नडगी धरून बसायची हेही खरं. व्हिडिओवाल्यानं पेडलची स्प्रिंग कसून घ्यायला सांगितली, हिनं कसली. ती खुर्ची बुटकी, गुडघे कमरेच्या वर. त्यात टाच टेकवून वाजवायची, म्हणजे पंजा उचलायचं सगळं काम नडगीच्या स्नायूवर. मोबाईल काही म्हणाला नाही की बाई, जरा उंच बस. ते मला दिसलं, आईनं खुर्चीवर घड्या घालून दोन चादरी दिल्या, मांड्या जरा उताराला आल्या आणि दुखणं गेलं. सोलापुरात चादरींना काय तोटा! एक बास ड्रमच्या पोटातही कोंबलीय, नाहीतर शेजारचे काका भिंत वाजवतात. तर एवढं मान्य, मोबाईलला तुमचा पाय दिसत नाही. पण अण्णांना तर माझा दिसत होता ना? काय सांगितलं त्यांनी?

थांबा. अण्णांवर जरा जास्तच घसरलो.

गेल्या दिवाळीत अण्णांना घरी बोलावलं होतं. थकलेत आता. चिवडा खाऊन झाल्यावर स्वतःच म्हणाले, बघू पोरीचा सेट. बसले. उजव्या पायातली चप्पल काढली, डाव्यातली ठेवली. मला हसूच आलं. दोन-चार ठोके टाकले आणि मग ती जोडी आली, तशीच, जराही पिचकी नाही. भाचीनं गुपचूप फोन शहाबादी फरशीवर पेडलला टेकवून आडवा ठेवला आणि स्लो मोशनला टाकला. मग अण्णांना दाखवलं.

अण्णांनी चष्मा वर केला, फोन नाकाजवळ नेला. त्यात त्यांचाच पाय, भेगाळलेली टाच, अंगठ्याचं जाड नख. टाच कुठंच टेकत नव्हती. पंजा पडत होता आणि साखळीकडं सरकत होता.

"हा माझा हाय व्हय?"

"हो आजोबा. याला स्लाइड म्हणतात."

"आन मी जन्मभर पोरांना टाच आपट म्हणत आलो की बे."

पुन्हा लाव म्हणाले. पुन्हा बघितलं. मग स्वतःच्या पायाकडं बघितलं, जणू कुणीतरी पाहुणा येऊन बसलाय. मला इतकी वर्षं वाटत होतं की या माणसानं लपवलं. लपवलं नव्हतं हो. त्यालाच माहीत नव्हतं. त्याला कुणी दाखवलं होतं? लग्नाच्या वराती आणि गणपतीच्या मिरवणुका वाजवत वाजवत पायानं स्वतःच वाट काढली आणि डोक्याला कळवलंच नाही. मागून एखाद्यानं विचारलं की तोंडाला येईल ते सांगायचं आणि चेष्टेवर न्यायचं. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

म्हणून आजच्या त्या भाषणाचा जास्त राग येतोय. पाहुण्यांनी कधी अण्णांसारख्या माणसाला स्टेजवर बोलावून शाल दिलीय का? गुरू गुरू म्हणतात ते गळ्याचे आणि बैठकीचे. बँजो पार्टीच्या गाडीवर उन्हातान्हात वाजवणारे यांच्या गुरूंत बसतच नाहीत. आणि त्यांच्याकडं जे होतं ते एका आठवीतल्या पोरीनं फोननं पकडलं, तर ती उथळ!

उथळ कोण आहेत तेही सांगतो. "सात दिवसांत पायाचा वेग दुप्पट" असं लाल अक्षरात लिहिणारे. खाली कोर्स विकायला असतो. कितीतरी वेगवान व्हिडिओंत बास ड्रमला ट्रिगर, म्हणजे ठोका ओळखून यंत्रातला आवाज वाजवणारं उपकरण लावलेलं असतं. पाय नुसता शिवला तरी आवाज पूर्ण ताकदीचा येतो, सगळे ठोके सारखे. पोरांना वाटतं आपलाच पाय मेला. त्या लोकांवर बोला ना स्टेजवरून! पण त्यासाठी आधी पेडल कुठल्या बाजूनं दाबतात ते माहीत पाहिजे.

घरी येताना सात रस्त्यापर्यंत पोरगी गाडीवर मागं गप्प होती. मग म्हणाली, "मामा, दुसऱ्या किकला बीटर मी आत दाबून ठेवला का? आवाज बंद आला." म्हणजे भाषण हिच्या डोक्यातसुद्धा नव्हतं! बीटर परत यायला हवा होता की नको, यावर अशोक चौकापर्यंत वाद. आता झोपलीय, आणि मी इथं बोटं बडवतोय.

बरं, एक काम. तिला आता डबल पेडल हवंय, म्हणजे एकच बास ड्रम दोन्ही पायांनी वाजवायचं. अण्णा म्हणतात एका पायाचं आधी पक्कं होऊ दे. तिचा तो जमिनीवरचा व्हिडिओवालाही नेमकं तेच म्हणतो, त्यामुळं ती दोघांवर रुसलीय. पण मिळालं तर घेऊन ठेवतो. कुणाच्या मंडळात, माळ्यावर जुनं पडलं असेल तर कळवा. साखळी गंजलेली चालेल, स्प्रिंग बदलून घेऊ. डाव्या पेडलला जोडणारा दांडा मात्र सरळ पाहिजे. आणि भाव आधी सांगा, उगाच "इनबॉक्समध्ये बोलू" नको.