मांडणीतला वाचकाचा वाटा

७ नोव्हेंबर २००० रोजी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या पाम बीच काउंटीत जी मतपत्रिका वापरली गेली, तिच्याविषयी मी गेली अनेक वर्षे वाचत आले आहे. संकेतस्थळांच्या मांडणीविषयी माझे जे ठाम मत झाले आहे, त्याचे मूळ त्या कागदात आहे. अध्यक्षपदाचे उमेदवार बरेच होते. सगळी नावे एकाखाली एक छापली असती तर अक्षर बारीक झाले असते आणि वयस्कर मतदारांना ते वाचता आले नसते. म्हणून तेथील निवडणूक कार्यालयाने नावे समोरासमोरच्या दोन पानांवर विभागली आणि मत देण्यासाठी भोक पाडायचे असे, त्या भोकांची रांग मधोमध ठेवली. हेतू चांगला होता. डाव्या पानावर पहिले नाव जॉर्ज बुश यांचे आणि दुसरे अल गोर यांचे होते, तर उजव्या पानावर पहिले नाव एका लहान पक्षाचे उमेदवार पॅट ब्युकॅनन यांचे होते. मधल्या रांगेत मात्र पहिले भोक बुश यांचे, दुसरे ब्युकॅनन यांचे आणि तिसरे गोर यांचे होते. डावे पान वरून खाली वाचत आलेल्या माणसाचा हात दुसऱ्या नावासाठी दुसऱ्या भोकाकडे गेला, तर त्यात त्याची चूक काय? त्या एका काउंटीत ब्युकॅनन यांना ३,४०० हून अधिक मते पडली आणि त्यांतली बरीचशी आपल्यासाठी नसावीत हे त्यांनी स्वतःच मान्य केले. एकाहून अधिक भोके पडल्यामुळे तेथे १९,००० हून अधिक मतपत्रिका बाद झाल्या. फ्लोरिडाचा निकाल, आणि त्यासोबत अमेरिकेचे अध्यक्षपद, बुश यांच्या बाजूने ५३७ मतांनी ठरले.

या प्रकरणातली जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, तिची चर्चा फारशी होत नाही. त्या मतपत्रिकेचा नमुना मतदारांना आधीच पाठवला गेला होता आणि राजकीय पक्षांनीही तो पाहिला होता, तरीही मतदानाच्या दिवसापर्यंत कोणाला त्यात खोट दिसली नाही. मांडणी नुसती पाहिल्याने कळत नाही, ती वापरावी लागते.

संकेतस्थळांची मांडणी, लोकप्रिय संस्कृती आणि राजकारण या तीन विषयांवर मी लिहिते, तेव्हा काही मित्र आपुलकीने सुचवतात की राजकारण वेगळे ठेवावे, म्हणजे बाकीचे लेखन सर्वांना निश्चिंतपणे वाचता येईल. त्यांचा सल्ला मी मानू शकत नाही, कारण मला हे तीन विषय वेगळे दिसतच नाहीत. माणसापुढे काय ठेवायचे, कोणत्या क्रमाने ठेवायचे आणि त्याचा हात सहज कुठे जाईल हे ठरवणारा माणूस तिन्ही ठिकाणी सारखेच काम करत असतो. माझा प्रश्नही तिन्ही ठिकाणी एकच आहे: त्या ठरवण्यात वाचकाचा वाटा किती?

हा प्रश्न मी बाहेरून आणून वेबवर लादत नाही. तो वेबच्या जन्मापासून तिच्यासोबत आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये सर्न या संशोधनसंस्थेतून वेब जगासमोर आणली, तेव्हा पानाचा लेखक फक्त एवढेच सांगत असे की हे शीर्षक आहे, हा परिच्छेद आहे आणि हा दुवा आहे. ते दिसावे कसे, हे मुख्यतः वाचकाच्या ब्राउझरवर सोपवलेले होते. पुढे लेखकांना रंग, अक्षरे आणि समास यांवर ताबा हवासा वाटू लागला. तेव्हा ऑक्टोबर १९९४ मध्ये सर्नमध्येच काम करणाऱ्या होकुन व्हिउम ली यांनी एक प्रस्ताव मांडला, ज्यातून पुढे सीएसएस, म्हणजे पानाचे रूप ठरवणारी भाषा, तयार झाली. त्या पहिल्या मसुद्यात एक विलक्षण तरतूद होती. शीर्षक अमुक आकाराचे असावे असे सांगताना त्या मागणीचा जोर टक्क्यांत लिहायचा आणि लेखकाने शंभर टक्के मागितले नाहीत तर उरलेला अधिकार दुसऱ्या बाजूला, म्हणजे वाचकालाही, मिळू शकत असे. पानाच्या रूपावर लेखक आणि वाचक यांच्यात वाटाघाट व्हावी, ही कल्पना मला कोणत्याही राज्यघटनेतल्या कलमाइतकी राजकीय वाटते. टक्क्यांची ती पद्धत टिकली नाही. डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसची पहिली अधिकृत आवृत्ती आली, तीत वाचकाच्या शैलीला जागा होती, पण प्रत्यक्षात ती सोय ब्राउझरच्या कोपऱ्यात पडून राहिली. आज एखाद्या वाचकाला विचारावे की हे पान कसे दिसावे यावर तुमचाही हक्क आहे हे तुम्हाला माहीत आहे का, तर बहुतेकांना तो प्रश्नच नवा वाटेल.

लोकप्रिय संस्कृतीत हा वाटा आणखी काही वर्षे तग धरून राहिला. १९९४ मध्ये सुरू झालेल्या जिओसिटीज या फुकट पाने बांधू देणाऱ्या संकेतस्थळावर लाखो लोकांनी स्वतःची पाने बांधली. लुकलुकणारी चित्रे, डोळ्यांना टोचणारे रंग, पाठीमागे नक्षीचे कागद असा सगळा थाट होता. मायस्पेस या समाजमाध्यमावर किती तरी मुलामुलींनी आपल्या पानाची पार्श्वभूमी बदलण्यासाठी इकडून तिकडून सीएसएसचे तुकडे आणून चिकटवले आणि त्या नादात ते शिकलेही. सौंदर्याच्या जाणकारांनी या पानांना नेहमीच नाके मुरडली. मला मात्र ती पाने मनापासून आवडतात, कारण त्यांतले प्रत्येक पान पाहताना ते कोणाचे तरी आहे हे कळत असे. १९९६ साली 'स्पेस जॅम' या चित्रपटासाठी बनवलेले संकेतस्थळ आजही जवळपास जसेच्या तसे पाहता येते. चांदण्यांच्या पार्श्वभूमीवर गोलाकार मांडलेले ग्रह, आणि त्यांतल्या कोणत्या ग्रहावर जायचे ते तुम्ही ठरवायचे. जिओसिटीजच्या नशिबी हे आले नाही. २००९ मध्ये जपान वगळता ते सर्वत्र बंद झाले. मायस्पेसने २०१९ मध्ये जाहीर केले की सर्व्हर हलवताना, २०१५ पर्यंत तेथे चढवलेले संगीत आणि छायाचित्रे बहुधा कायमची गेली आहेत. एका पिढीचे हौशी संगीत असे नाहीसे झाले आणि त्याविषयी जेवढी हळहळ व्यक्त व्हायला हवी होती तेवढी झाली नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

त्यानंतर सर्वांची पाने सारखी झाली. पान कसे दिसावे हा अधिकार गेला, त्यापाठोपाठ पान कुठे संपावे हाही गेला. सतत खाली सरकत जाणारी, शेवट नसलेली यादी २००६ मध्ये एझा रॅस्किन या डिझाइनरने घडवली आणि पुढे त्याबद्दल त्यांनी स्वतःच जाहीरपणे खेद व्यक्त केला. पुस्तकाचे पान उलटताना हात क्षणभर थांबतो आणि त्या क्षणात पुढे वाचायचे की नाही हे आपण नकळत ठरवतो. पानाचा शेवट ही छोटीशी सीमा असते आणि त्या सीमेवर वाचकाला दरवेळी निर्णयाचा हक्क मिळतो. तो हक्क काढून घेताना कोणी कोणाला विचारले नाही. सोय म्हणून तो काढला गेला, आणि सोय म्हणून जे काढले जाते त्याविरुद्ध बोलणे फार अवघड असते.

अशी मांडणी कलाकृतीचाही आकार बदलते. स्पॉटिफायवर गाणे किमान ३० सेकंद ऐकले गेले तरच ते एकदा ऐकले असे धरले जाते. हा नियम माहीत असलेला संगीतकार लांब आलाप किंवा संथ सुरुवात करण्यापूर्वी दोनदा विचार करणार, हे सांगायला संगीतशास्त्र लागत नाही. नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये पाच ताऱ्यांची पद्धत काढून अंगठा वर किंवा खाली एवढेच ठेवले, तेव्हा 'बरे होते, पण शेवट फसला' असे म्हणण्याची प्रेक्षकाची जागाच गेली. यूट्यूबने नोव्हेंबर २०२१ पासून नापसंतीचा आकडा लोकांना दाखवणे बंद केले. लहान निर्मात्यांवर ठरवून नापसंतीचा मारा केला जातो, हे त्यांचे कारण होते आणि ते खोटे आहे असे मी म्हणणार नाही. तरीही एखादी दुरुस्ती किंवा औषधाची माहिती शोधणाऱ्या माणसाला चुकीचा व्हिडिओ एका नजरेत ओळखता येत असे, ते आता येत नाही. मला हा निर्णय चुकीचा वाटतो. तो आकडा पाहायचा की नाही, हे पाहणाऱ्यावर सोपवता आले असते.

आता राजकारणाकडे येते. राजकारण आणि संकेतस्थळांची मांडणी यांविषयी जे लिहिले जाते, ते बहुधा उमेदवाराच्या चिन्हाचा रंग, घोषणेचा फॉन्ट आणि प्रचाराचे भित्तिचित्र यांच्यापुरतेच असते. त्या गोष्टी रंजक आहेत, पण त्या उघड आहेत, आणि प्रचार हा प्रचार म्हणून समोर आला तर मतदार त्याला तोंड देऊ शकतो.

जे प्रचारासारखे दिसत नाही, त्याची मला अधिक काळजी वाटते. २ नोव्हेंबर २०१० रोजी अमेरिकी काँग्रेसची निवडणूक होती. त्या दिवशी फेसबुकने तेथील सुमारे ६ कोटी १० लाख प्रौढ वापरकर्त्यांवर एक प्रयोग केला. बहुतेकांना वरच्या बाजूला एक पट्टी दिसली. आज मतदान आहे अशी आठवण, मतदान केंद्र शोधण्याचा दुवा, 'मी मत दिले' असे सांगणारे बटण आणि मत दिल्याचे सांगणाऱ्या काही मित्रांचे चेहरे तीत होते. एका लहान गटाला तीच पट्टी चेहऱ्यांशिवाय दिसली आणि तेवढ्याच दुसऱ्या गटाला काहीच दिसले नाही. २०१२ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चेहरे असलेल्या पट्टीमुळे सुमारे ६०,००० जण थेट आणि त्यांच्या मित्रांच्या जाळ्यातून आणखी सुमारे २,८०,००० जण मतदानाला गेले, असा संशोधकांचा अंदाज होता. चेहरे नसलेल्या पट्टीचा मतदानावर म्हणावा असा परिणाम दिसला नाही. शब्द तेच, दुवा तोच, बटणही तेच. फरक फक्त त्या छोट्या छायाचित्रांचा होता.

अधिक लोकांनी मतदान केले याचा आनंद मलाही आहे. पण ५३७ मतांचा आकडा या ३,४०,००० शेजारी ठेवून पाहावा. ती पट्टी कोणाला दाखवायची आणि कोणाला नाही, हे ज्याच्या हाती आहे त्याला कोणत्याही पक्षाची बाजू घेऊन एक शब्दही बोलावा लागत नाही. एका भागातल्या लोकांना ती दाखवली आणि दुसऱ्या भागातल्या लोकांना दाखवली नाही, तर प्रत्येक माणसाला आपला पडदा नेहमीसारखाच वाटेल. असे कोणी केले आहे असा माझा आरोप नाही. असे करणे शक्य आहे आणि ते बाहेरून दिसणार नाही, एवढेच मी सांगते आहे, आणि लोकशाहीत एवढेही पुरेसे गंभीर आहे. पाम बीचची मतपत्रिका निदान सर्वांना सारखी होती. ती कागदावर होती, हातात धरून दाखवता येत होती, म्हणूनच पंचवीस वर्षांनंतर आपण तिची चूक बोट ठेवून सांगू शकतो.

सार्वजनिक संकेतस्थळांविषयीही माझे मत याच अंगाने बनले आहे. २०१३ मध्ये ब्रिटनच्या सरकारी संकेतस्थळाला लंडनच्या डिझाइन म्युझियमचा वर्षातील सर्वोत्तम डिझाइनचा पुरस्कार मिळाला. त्या संकेतस्थळावर पाहण्यासारखे जवळजवळ काहीच नाही. मोठी अक्षरे, साधी वाक्ये आणि हवे ते लगेच सापडावे याचा ध्यास, एवढेच तेथे आहे, आणि मला ते संकेतस्थळ सुंदर वाटते. याउलट सिडनी ऑलिंपिकच्या संकेतस्थळाविरुद्ध एका दृष्टिहीन नागरिकाला १९९९ साली तक्रार घेऊन ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाकडे जावे लागले, कारण तेथील चित्रांना पर्यायी मजकूर, म्हणजे पडदा वाचून दाखवणाऱ्या साधनाला वाचता येईल असे वर्णन, नव्हता. आयोगाने निकाल त्याच्या बाजूने दिला. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ ला १ एवढा फरक असावा, हा वेबच्या सुगम्यतेचा मानदंड २००८ पासून उपलब्ध आहे, तरी करड्यावर फिकट करडे लिहिण्याची फॅशन संपत नाही. रोमन लिपीसाठी बेतलेल्या ओळींच्या अंतरात देवनागरी कोंबली की वेलांट्या आणि रफार कापले जातात, हे तर आपण रोज पाहतो. ज्याला वाचताच येत नाही, त्याच्या वाट्याचा प्रश्न पहिल्या पायरीवरच निकालात निघतो.

यावर उपाय नाही असे मी मानत नाही. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याने अतिमोठ्या ऑनलाइन माध्यमांवर असे बंधन घातले आहे की वापरकर्त्याच्या वर्तनाचा माग काढून न बनवलेली किमान एक मांडणी त्यांनी उपलब्ध करून द्यावी. ऑगस्ट २०२३ पासून ते अशा पहिल्या माध्यमांना लागू झाले. १९९४ च्या त्या मसुद्यातली टक्केवारी एवढ्या वर्षांनी कायद्याच्या भाषेत परत आली, असे मला ते वाचताना वाटले. माझी मागणी याहून थोडी पुढची आहे. निवडणुकीच्या काळात मोठ्या माध्यमांनी दाखवलेली प्रत्येक पट्टी, प्रत्येक बटण आणि ते किती व कोणत्या भागातल्या लोकांना दाखवले याची नोंद सार्वजनिक असावी, जशी मतपत्रिका सार्वजनिक असते. आणि मतपत्रिका असो वा सरकारी अर्ज, तो खऱ्या माणसांच्या हाती देऊन, त्यांना तो वापरताना शेजारी बसून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मी स्वतः गेले काही महिने एका माध्यमावर कालक्रमानुसार येणारी यादी निवडून वाचते आहे. ती सोय तीन पायऱ्या आत ठेवलेली आहे आणि ॲप बंद करून उघडले की जुनी मांडणी आपोआप परत येते, त्यामुळे रोज सकाळी मला ती नव्याने निवडावी लागते. यादीत गाजलेले फारसे काही नसते. कोणाच्या बागेतले रोप, कोणाचा कंटाळवाणा प्रवास, एखाद्या अर्थसंकल्पावर कोणी शांतपणे लिहिलेली चार वाक्ये, असेच बहुतेक असते. मग काल वाचलेली शेवटची नोंद दिसते आणि मी फोन खाली ठेवते.