"हिच्या मोबाईलात कायतर घालून द्या" म्हणणाऱ्यांसाठी

बेळगावात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, सोळा वर्षं झाली. डिस्प्ले, चार्जिंग पिन, बॅटरी, पाण्यात पडलेला मोबाईल वाळवणं, हे रोजचं काम. पण महिन्यातनं एखाद-दुसरं गिऱ्हाईक असं येतं की ते मोबाईल काउंटरवर ठेवतच नाही. दुकान रिकामं व्हायची वाट बघत कडेला उभं राहतं आणि मग हळूच म्हणतं, "दादा, हिच्या मोबाईलात कायतर घालून द्या की. कुठं जातीया तेवढं कळूदे."

म्हणजे बायकोला न कळता तिच्या मोबाईलात लोकेशन सांगणारं अॅप लपवून घालायचं. मी नाही म्हणतो. का, ते आज सविस्तर लिहितोय, कारण एकदा मी हो म्हटलं होतं.

२०१९ ची गोष्ट. एक जण बायकोचा मोबाईल घेऊन आला. तिला कळायच्या आत परत न्यायचा होता, म्हणून घाईत होता. मी अर्ध्या तासात अॅप घातलं, स्क्रीनवर दिसणार नाही असं लपवलं आणि पाचशे रुपये घेतले. चार महिन्यांनी ती स्वतःच तोच मोबाईल घेऊन आली. "चार्जिंग टिकतच नाही ओ दादा, आणि तापतोय पण." उघडून बघितलं तर माझंच काम. रात्रंदिवस जीपीएस चालू ठेवून ते अॅप बॅटरी खात होतं.

बॅटरी बदलून गप्प बसता आलं असतं. नाही जमलं. सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग एवढंच विचारलं, "म्हणजे मी आईकडं गेलेलं पण दिसायचं?" आई सीमेपलीकडं, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात, आजारी. माहेरी जायला घरातनं बंदी. बाजाराला जाते सांगून ती आईला भेटून यायची, आणि घरी आल्यावर मार का बसतो ते तिला कळायचं नाही. चार महिने कळलं नाही. तो मार माझ्या पाचशे रुपयांतनं आला होता, हे मी विसरू शकत नाही.

त्यानंतर मी कायदा वाचायला लागलो. वकील मित्राला त्रास देऊन समजून घेतला. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००, कलम ४३: परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रात शिरणं, त्यात काही घालणं, आणि असं करणाऱ्याला मदत करणं, तिन्ही त्यात येतं. मोबाईलही त्यात येतो. लबाडीनं केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे नुसता नवरा नाही, दुकानदारही अडकतो. माझ्या धंद्यातल्या भावांनो, हे नीट वाचा.

दुसरं, जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ७८. बाईच्या इंटरनेटवर, ई-मेलवर किंवा मोबाईलवरच्या बोलण्यावर पाळत ठेवणं हा गुन्हा आहे, पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत शिक्षा. लपवलेली बहुतेक अॅप लोकेशनवर थांबत नाहीत, मेसेजही वाचतात. आणि त्या कलमात "नवरा असेल तर चालेल" असं कुठंही लिहिलेलं नाही.

"मोबाईल मी घेऊन दिलाय, सिम माझ्या नावावर आहे," हे मी शंभरदा ऐकलंय. लुगडं पण तुम्हीच घेऊन देता, म्हणून ती कुठं गेली हे लुगड्याला विचारता काय? २०१७ साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. लग्नाच्या मांडवात तो सोडून यावा लागत नाही. २०२२ च्या शेवटी आपल्याच कर्नाटक हायकोर्टासमोर एक खटला आला. नवरा-बायकोच्या फॅमिली कोर्टातल्या खटल्यात नवऱ्याला, बायकोचे संबंध आहेत असा संशय असलेल्या तिसऱ्याच माणसाचं टॉवर लोकेशन हवं होतं आणि फॅमिली कोर्टानं ते मागवलंही होतं. हायकोर्टानं तो हुकूम रद्द केला. नुसत्या संशयावर तिसऱ्या माणसाचा खाजगीपणा मोडता येत नाही.

अजून एक. जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं अमली पदार्थांच्या खटल्यातल्या आरोपीवरची, जामिनासाठी गुगल मॅपवर पिन टाकून ठेवायची अट काढून टाकली. आरोपीच्या हालचालीवर सतत नजर ठेवता येईल अशी अट घालता येणार नाही, असं सांगितलं. त्या खंडपीठावर न्यायमूर्ती अभय ओक होते, पूर्वी आपल्या कर्नाटक हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश. आरोपीला जे संरक्षण आहे ते घरातल्या बाईला नाही काय?

आणि मॅपवरच्या ज्या ठिपक्यावर एवढा विश्वास, तो किती खरा? टॉवरवरनं काढलेलं लोकेशन म्हणजे फक्त परिसर, आणि खेड्यात तो परिसर काही किलोमीटरचा असतो. आमच्या सीमाभागात तर विचारूच नका. इकडं कर्नाटकातलं बाची, त्याच्या पुढं लगेच महाराष्ट्रातलं शिनोळी. इकडच्याच कुद्रेमनीत घरात बसलेल्या माणसाच्या मोबाईलला पलीकडचा टॉवर लागतो आणि "महाराष्ट्रात स्वागत" असा मेसेज येतो. माणूस अंगणात, मोबाईल दुसऱ्या राज्यात. त्यावरनं घरात भांडणं झालेली मी बघितलीत.

"पैसे द्या, नंबरवरनं लोकेशन काढून देतो" म्हणणारे एजंटही फिरतात. कॉल रेकॉर्ड मागवायला पोलिसांनासुद्धा एसपी (पोलीस अधीक्षक) दर्जाच्या अधिकाऱ्यामार्फत जावं लागतं. असे रेकॉर्ड विकणाऱ्या खाजगी डिटेक्टिव्हांना २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी अटक केली होती. खरंच कोणी हरवलं असेल तर ११२ लावा, ठाण्यात जा. मोबाईल हरवला तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर ब्लॉक करा.

पोरांची काळजी मला कळते. खानापूरहून रोज बसनं कॉलेजला येणारी मुलगी संध्याकाळी उशीर झाला की आईचा जीव वर-खाली होतो. तिच्याशी बोला, व्हॉट्सअॅपवर लाईव्ह लोकेशन पाठवायला सांगा. पंधरा मिनिटं, एक तास, आठ तास, वेळ तीच ठरवते, बंदही करू शकते. तिला माहीत असतं, सगळा फरक तिथंच आहे.

आता आपल्या मोबाईलात कुणी असं काही घातलंय अशी ज्यांना शंका आहे त्यांच्यासाठी. सेटिंगमध्ये लोकेशनची परवानगी कुठल्या अॅपला "नेहमी" दिलीय ते बघा. डिव्हाइस अॅडमिन आणि अॅक्सेसिबिलिटी या दोन जागी अनोळखी नाव दिसतंय का बघा. गुगल मॅपचं लोकेशन शेअरिंग आणि व्हॉट्सअॅपचे लिंक केलेले डिव्हाइस उघडा. घरात मारहाण होत असेल तर मात्र सापडलं म्हणून लगेच काढू नका, समोरच्याला कळतं. आधी त्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवा आणि भरवशाच्या माणसाला सांगा. सासर-माहेर सीमेच्या दोन बाजूंना असलं तरी अडत नाही. गुन्हा कुठंही घडलेला असो, नव्या फौजदारी कायद्यानं जवळच्या ठाण्याला एफआयआर घ्यावीच लागते. इकडच्या ठाण्यात कागद कन्नडमध्ये असेल, तर वाचता येणारं कोणी बरोबर न्या आणि समजून घेतल्याशिवाय सही करू नका.

ती बाई आता माहेरीच असते. मोबाईल बदलला, पण दुरुस्तीला माझ्याकडंच येते. तिच्याकडनं मी पैसे घेत नाही, ती दरवेळी काउंटरवर ठेवून जाते.

कुणाला मोबाईल तपासून घ्यायचा असेल तर दुपारी या, तेव्हा गर्दी नसते. त्याचे पैसे नाहीत.