पाहणी झाली, तेव्हा यंत्र बंद होतं

"पाहणीवेळी क्रशर बंद आढळून आला. धूळ आढळून आली नाही. आवाजाची पातळी विहित मर्यादेत."

शेजारच्या प्लॉटवर काँक्रीट फोडणारं यंत्र, म्हणजे क्रशर, चालतो. त्याच्या धुळीबद्दल आणि आवाजाबद्दल केलेल्या आमच्या तक्रारीवर महापालिकेने दिलेलं हे उत्तर. खाली सही, शिक्का, जावक क्रमांक, सगळं व्यवस्थित. अहो, बंद यंत्राचा आवाज मर्यादेतच असणार ना! बंद गिरणीत जाऊन पीठ उडत नाही असं लिहून आणायला इंजिनिअर कशाला पाहिजे?

झालंय काय, तर आमच्या कंपाउंडला लागून एक मोकळा प्लॉट आहे. मालकांची भांडणं कोर्टात, त्यामुळे वर्षानुवर्षं तिथे गवत, कुत्री आणि रविवारी पोरांचं क्रिकेट. एक दिवस कडेने पत्रे ठोकले गेले, ट्रेलरवरून क्रशर आला, मागून दोन पोकलेन. आजूबाजूच्या जुन्या सोसायट्या धडाधड रिडेव्हलपमेंटला जातायत, त्यांचे स्लॅब आणि कॉलम इथे आणून फोडायचे. विचारायला गेलो तर सुपरवायझर म्हणाला, "टेंपररी आहे काका, सहा महिन्यांत उठतंय." पावसाळा येऊन गेला. उठतंय कसलं, तिसरा पोकलेन आलाय.

आता लगेच "तुम्हाला विकास नको" असं सुरू करू नका. राडारोडा फोडून परत वापरला पाहिजे, हे मलाही कळतं. नाहीतर तो रातोरात नदीपात्रात जाऊन पडतो, तेही बघितलंय. त्याच्यासाठी २०१६ मध्ये केंद्राने वेगळे नियम केले. त्यांत होतं, दिवसाला २० टन किंवा महिन्याला एका प्रकल्पातून ३०० टन राडारोडा काढणाऱ्याने काँक्रीट, माती, विटा, लोखंड वेगळं करून द्यायचं आणि कामाआधी आराखडा मंजूर करून घ्यायचा. फोडलेल्या काँक्रीटची खडी आरसीसीतसुद्धा चालते. आयएस ३८३ हे खडी-वाळूचं भारतीय मानक २०१६ मध्ये सुधारलं, तेव्हा एम-२५ ग्रेडपर्यंतच्या (हा काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा) आरसीसीत अशी खडी २० टक्के वापरायला मुभा दिली. दिल्लीत बुराडीला २००९ पासून असा प्रकल्प आहे, मुंबईने दहिसर आणि शिळफाट्याला उभारलेत. म्हणजे हे काम कायमच्या जागी, पाण्याची आणि धुळीची सोय करून करता येतं. इथे मात्र माझ्या स्वयंपाकघरापासून चाळीस पावलांवर, उघड्यावर चाललंय आणि वर नाव पर्यावरणाचं.

कसं चालतं तेही ऐका. सकाळी आठला पोकलेनचा ब्रेकर, म्हणजे पुढचा फोडणारा हातोडा, सुरू होतो. ठाड ठाड ठाड, खिडकीची काच थरथरते, पलंग थरथरतो. दिवसा रहिवासी भागात आवाजाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्री ४५. मोबाइलवरचं ॲप माझ्या बाल्कनीत ऐंशीच्या खाली उतरत नाही. ॲप सरकारी नाही, ठीक आहे, पण कान तर माझेच आहेत. फुटलेले तुकडे क्रशरच्या जबड्यात जातात, बेल्टवरून वर चढतात आणि दीड मजल्याच्या उंचीवरून ढिगावर कोसळतात. खरी धूळ तिथे उडते. बेल्टला झाकण पाहिजे, तोंडाशी पाण्याचा फवारा पाहिजे. फवारा आहे हो, नोझल बसवलेलं मला गच्चीवरून दिसतं. त्याला पाइपच जोडलेला नाही.

ती धूळ साधी मातीची नाही, झटकली की जात नाही. दोरीवरच्या ओल्या कपड्यांवर बसते आणि वाळली की चादर पापडासारखी कडक. स्कूटरची सीट पुसली की फडक्याला खरखर लागते. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचा दम्याचा पंप आता खिशातून बाहेर राहतो. शिवाय काँक्रीट फोडलं की बारीक सिलिका उडते. ती फुप्फुसात जात राहिली की सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने तिला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ठेवलंय. आम्ही निदान खिडक्या लावून बसतो. ढिगाशेजारी सळया वेचणाऱ्या बायका नाकाला ओढणी बांधून दिवसभर तिथेच असतात, लेकरं बाजूला खडीत खेळतात. त्यांच्याबद्दल अहवालात एक ओळ नाही.

आणि पाणी मारलं की संपलं असंही नाही. मारलं त्या दिवशी सगळा राखाडी गाळ वाहत पावसाळी गटारात गेला आणि तिथे सिमेंटसारखा धरला. पहिल्या मोठ्या पावसात आमच्या पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी. ती तक्रार वेगळ्या खात्याची, म्हणून वेगळ्या नंबरने करायची!

खात्यांचं तर विचारूच नका. परवानगी बांधकाम विभागाची, राडारोडा घनकचऱ्याकडे, धूळ पर्यावरण कक्षाकडे, क्रशरचं संमतीपत्र प्रदूषण मंडळाचं, रात्रीचे डंपर वाहतूक पोलिसांचे. प्रत्येक जण अतिशय नम्रपणे दुसऱ्याचा नंबर देतो. महापालिकेच्या ॲपवर तक्रार केली, तर संध्याकाळी "निराकरण झाले" असा मेसेज. सोबत फोटो. कसला? बंद गेटचा.

पण माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते त्या पाहणीवर. आदल्या संध्याकाळी टँकर येतो. ढिगाला पाणी, रस्त्याला पाणी, पत्र्याला पाणी. ढिगावर हिरवी नेट चढते. सकाळी पोकलेनचा ड्रायव्हर सावलीत मोबाइल बघत पडलेला. साडेअकराला पांढरी गाडी येते, दोन साहेब उतरतात, बूट ओले होऊ नयेत म्हणून गेटपाशीच उभे राहतात. फाइल उघडते, फोटो निघतात, चहा होतो. मी वरून ओरडलो, "साहेब, चालू करायला सांगा की एकदा!" साहेबांनी वर बघून हात केला. मला वाटलं ऐकू गेलं.

दगडाच्या क्रशरला केंद्राचा निकष आहे, यंत्रापासून ३ ते १० मीटरवर मोजलेली धूळ घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमच्या वर नको. यंत्र चालू ठेवून मोजायचं, हे वेगळं सांगावं लागेल असं लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसणार! त्याला आमचं क्षेत्रीय कार्यालय माहीत नव्हतं.

आमची मागणी तरी काय आहे? फोन न करता या. मंगळवार असो, शुक्रवार असो, सकाळी दहाला या. मीटर आमच्या बाल्कनीत लावा, ब्रेकर आणि क्रशर दोन्ही चालू असताना तासभर आकडे घ्या आणि ते गेटवर चिकटवा. परवानगीची प्रतही चिकटवा, तारखेसकट. माहितीच्या अधिकारात ती मागितली, तर ३० दिवस उलटून गेल्यावर "सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही" असं पत्र आलं. त्याच कार्यालयाने पाहणी केली होती, बरं का.

आता मुदतवाढीचा अर्ज गेलाय म्हणे, आणि त्याच्यासाठी परत पाहणी होणार. कधी, ते आम्हाला कुणी कळवलेलं नाही. पण आज संध्याकाळपासून गेटसमोर टँकर उभा आहे, म्हणजे उद्याच असणार.