छापील किंमत १३२७

भंगाराच्या दुकानात कुठलीही वस्तू फार वेळ निरखू नये, भाव वाढतो. परवा कुपवाड एमआयडीसीच्या वाटेवर पोतंभर हिरवे सर्किट बोर्ड दिसले. सगळे एकाच जातीचे, कंपनीचं नाव नाही की गाव नाही. भाव १२० रुपये किलो. मी एक उचलून चष्मा कपाळावर सरकवला.

"रडारचं हाय ते," बाकड्यावरून आवाज आला.

बाकड्यावरच्या अण्णांना काही विकायचं नव्हतं, घ्यायचंही नव्हतं. शेजारी त्यांच्या गाडीचं पंक्चर निघत होतं, तोवर सावली हवी होती.

"कशावरून अण्णा?"

"वजनावरनं."

मी चिपवरचा नंबर दाखवला, एमटी ८८७०. फोनचं बटण दाबलं की दोन सूर एकदम निघतात. त्यावरून कुठला आकडा दाबला ते ही चिप ओळखते. तिला ठेका धरून देणारा ३.५७९५४५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टलही शेजारीच होता.

"म्हंजे चोरून फोन ऐकायचं," अण्णा म्हणाले. दुकानदारानं पोतं जरा आत ओढलं.

"तसं नाही. ही दुसरी चिप यूएलएन २००३, रिले ओढायला, म्हणजे विजेवर चालणारं बटण. ही हेडफोनची खाच, इथं साधा मोबाईल जोडायचा. आणि हे आर, वाय, बी, थ्री फेज. शेतातल्या मोटरीला घरून फोन लावायचा, एक दाबलं की चालू."

"तसला डबा माझ्या हिरीवर हाय की!"

"मग तेच हे!"

"छ्या! ते पांढरं असतंय."

"डबा पांढरा असतो अण्णा. आत हे असतं."

"तुम्ही उघडला हुता काय माझा डबा?"

यावर काय बोलणार?

खरं तर माझा राग अण्णांवर नव्हताच. बोर्डावरच्या मुख्य चिपचा नंबर बनवणाऱ्यानं घासून टाकला होता, कुणी नक्कल करू नये म्हणून. पूर्वी कित्येक रेडिओंच्या आत सर्किटचा नकाशा चिकटवलेला असायचा, गावातला मेकॅनिकही तो बघून काम काढायचा. आता वीज पडून डबा गेला की शेतकऱ्यानं नवा घ्यायचा, किंवा ऐन थंडीत मध्यरात्री बॅटरी घेऊन विहिरीवर जायचं. नंबर घासणारा तेव्हा पांघरुणात असतो.

हे सगळं मी मोठ्यानंच बोललो बहुतेक. कारण दुकानदारानं विचारलं, "मग हे १३२७ काय लिवलंय?"

"तारीख. २०१३ सालचा सत्ताविसावा आठवडा."

"तारीख अशी असती होय?" अण्णा हसले. "छापील किंमत हाय ती. तेराशे सत्तावीस."

दुकानदाराचा चेहरा उजळला. आत्तापर्यंत किलोवर विकणारा माणूस एकदम नगावर आला. "निम्म्यात न्या साहेब." खूप घासाघीस करून २०० रुपयांत एक बोर्ड सुटला. त्या पैशात दीड किलोच्या वर आले असते. अण्णांनी मध्यस्थी केली, तीही त्याच्याच बाजूनं.

पंक्चर निघालं. गाडीला किक मारता मारता अण्णा म्हणाले, "आमचा एक डबा जळून पडलाय घरात. देतो आणून, बघा जमतंय का. पैशाचं काय काढू नका, तुमचाच हात बसंल."