खुलासा: दोन पोर्ट जोडले म्हणून एक फाईल दुप्पट वेगाने जात नाही

'एक गिगाबिटचे दोन पोर्ट एलएसीपीने जोडा, कॉपीचा वेग दुप्पट होईल' हा दावा चुकीचा आहे. (एलएसीपी म्हणजे दोन उपकरणांमधल्या अनेक नेटवर्क केबल एकच जोडणी म्हणून वापरण्याची बोलणी करणारा प्रोटोकॉल.) वाढते ती एकूण क्षमता. पॅकेटांचा (डेटाच्या तुकड्यांचा) क्रम बिघडू नये म्हणून स्विच एका संभाषणाची सगळी पॅकेट्स एकाच केबलवरून पाठवतो. कोणत्या, ते हॅश, म्हणजे पॅकेटमधल्या पत्त्यांवरून काढलेला आकडा, ठरवतो. म्हणून एकच कॉपी एका गिगाबिटपुढे, म्हणजे सेकंदाला साधारण ११० ते ११८ मेगाबाइटपुढे, जात नाही.

हॅश फक्त मॅक पत्त्यांवर (उपकरणांच्या हार्डवेअर पत्त्यांवर) असेल आणि वाहतूक एकाच राउटरकडे जात असेल, तर पत्ते तेच राहिल्याने दुसरी केबल जवळजवळ रिकामी राहते. तिथे हॅश आयपी पत्त्यांवर व टीसीपी/यूडीपी पोर्ट क्रमांकांवर (केबलच्या पोर्टवर नव्हे) ठेवा, तेही दोन्ही टोकांना, कारण प्रत्येक टोक फक्त आपल्याकडून जाणाऱ्या वाहतुकीचा निर्णय घेते.

जोडणीच होत नसेल तर आधी एलएसीपीचा मोड (अ‍ॅक्टिव्ह की पॅसिव्ह) पाहा. दोन्हीकडे पॅसिव्ह असेल तर कुणीच बोलणी सुरू करत नाही. किमान एक बाजू अ‍ॅक्टिव्ह हवी. मग वेग, डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही दिशांना की एकाच दिशेने), व्हीलॅन (एकाच स्विचवरचे आभासी वेगळे नेटवर्क) यादी जुळवा. एकीकडे स्टॅटिक (बोलणीविना केलेली जोडणी), दुसरीकडे एलएसीपी हे मिश्रण मात्र कधीच नको. आणि दुसरी केबल दोन्ही स्विचचे कॉन्फिगरेशन झाल्यावरच लावा. स्पॅनिंग ट्री (लूप टाळणारा प्रोटोकॉल) बंद असेल तर आधी लावल्याने सरळ लूप होतो, म्हणजे पॅकेट्स गोल गोल फिरत राहतात.