कुंपण कोणाच्या जमिनीत?

‘ज्याचे घर, त्याचे कुंपण, त्यासाठी हेगच्या न्यायालयाची परवानगी कशाला?’ असा एक संदेश आज सकाळी आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर येऊन पडला आणि दुपारपर्यंत त्याखाली टाळ्यांची रांग लागली. संदेश इस्रायलने वेस्ट बँकेत, म्हणजे युद्धात जिंकून ताब्यात ठेवलेल्या पॅलेस्टिनी प्रदेशात, उभारलेल्या भिंतीबद्दल होता; हेगचे न्यायालय म्हणजे संयुक्त राष्ट्रांचे आंतरराष्ट्रीय न्यायालय. टाळ्या देणाऱ्यांपैकी निम्मी माणसे माझ्याबरोबर त्याच भिंतीतून आरपार गेलेली आहेत, होली लँडच्या यात्रेत, वातानुकूलित बसमध्ये बसून. त्यामुळे गटावर दोन ओळी खरडून मोकळे होण्याऐवजी इथे सविस्तर लिहिते आहे. संदेश पाठवणारा माझा मावसभाऊ हेही वाचेल, याची मला खात्री आहे.

वसईत जन्मलेल्या माणसाला बांधाचे भांडण समजावून सांगावे लागू नये. शेजाऱ्याने स्वतःच्या वाडीभोवती दहा फुटांची भिंत घातली, तर आपण फार तर नाक मुरडू. पण तीच भिंत त्याने आपली विहीर आणि आपल्या केळी आत घेऊन बांधली, तर तलाठ्यापासून दिवाणी न्यायालयापर्यंत सगळ्यांचे उंबरे झिजवू आणि मरताना तो खटला मुलांच्या हवाली करू. हेगच्या न्यायालयापुढचा प्रश्न नेमका हाच होता. भिंत बांधावी की नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. ती दुसऱ्याच्या जमिनीत बांधता येते का, एवढेच त्याला विचारले होते. इस्रायलने ही भिंत 1949 च्या युद्धविराम रेषेवर, म्हणजे ज्याला ग्रीन लाइन म्हणतात तिच्यावर किंवा तिच्या अलीकडे स्वतःच्या हद्दीत बांधली असती, तर ती कितीही उंच असली तरी हा खटला उभाच राहिला नसता. प्रत्यक्षात ग्रीन लाइनची लांबी सुमारे 320 किलोमीटर आणि आखलेल्या भिंतीची लांबी सुमारे 700 किलोमीटर. रेषेच्या दुपटीहून लांब कुंपण कसे होते? ते रेषा सोडून आत शिरते, तिथल्या इस्रायली वस्त्यांना कवेत घेते आणि पुन्हा बाहेर येते, म्हणून. आखलेल्या मार्गाचा सुमारे 85 टक्के भाग वेस्ट बँकेच्या आत आहे. ‘ज्याचे घर’ म्हणताना हे घर कोणाचे, हा प्रश्न एकालाही पडू नये, याचा मला आज सकाळपासून संताप येतो आहे.

आमची बस जेरुसलेमहून बेथलेहेमला निघाली, तेव्हा रोझरीचे एक दशक, म्हणजे जपमाळेच्या दहा मण्यांची प्रार्थना, पूर्ण होते न होते तोच ती थांबली, इतके हे अंतर थोडे आहे. समोर सुमारे आठ मीटर उंचीचे करडे काँक्रीट आणि एक टेहळणी मनोरा. सैनिकाने दारातून आत डोकावून पाहिले आणि बस पुढे जाऊ दिली. आत गेल्यावर आमच्यासोबत एक स्थानिक गाईड आला, बेत जाला गावचा, पन्नाशीचा, आपल्यासारखाच कॅथलिक. त्याने येशूच्या जन्माची, गव्हाणीची जागा दाखवली, नेटिव्हिटी चर्चचे ते बुटके दार दाखवले आणि मग एका वळणावर बस उभी करून समोरच्या उतारावरच्या झाडांकडे बोट केले. ती त्याच्या वडिलांची जैतुनाची (ऑलिव्हची) झाडे होती आणि मध्ये भिंत होती. पाकिटातून त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला, चार घड्या पडलेला एक कागद काढला. तो वडिलांचा परवाना होता, मुदत संपलेला. हंगामात ठरावीक दिवशी फाटक उघडते आणि परवाना असेल त्यालाच पलीकडे जाता येते. वडिलांना आता चालवत नाही, मुलाने अर्ज केला तर जमीन तुमच्या नावावर नाही असे उत्तर येते, आणि बाप हयात असताना ती मुलाच्या नावावर कशी असणार, हे त्याने अगदी शांतपणे विचारले. बसमध्ये कोणी काही बोलले नाही. मग मागच्या आसनावरून खरेदीला किती वेळ मिळणार, अशी विचारणा झाली.

आता कायद्याकडे येते, कारण संदेशात ‘कसला आंतरराष्ट्रीय कायदा’ असेही मोठ्या तोऱ्यात लिहिले आहे. युद्धात जिंकलेला प्रदेश जिंकणाऱ्याच्या मालकीचा होत नाही. तिथे त्याच्याकडे केवळ तात्पुरता कारभार असतो आणि त्या कारभारावर बंधने असतात. तिथल्या लोकांची खाजगी मालमत्ता जप्त करता येत नाही, हे 1907 च्या हेग नियमांत लिहिलेले आहे. ताबा घेणाऱ्याने आपले नागरिक तिथे नेऊन वसवू नयेत, हे 1949 च्या चौथ्या जिनिव्हा करारात लिहिलेले आहे, आणि नाझींनी पूर्व युरोपात जे केले ते ताजे असताना लिहिलेले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर 2003 मध्ये न्यायालयाचे मत मागवले आणि 9 जुलै 2004 रोजी न्यायालयाने 14 विरुद्ध 1 मतांनी सांगितले की, व्याप्त, म्हणजे युद्धात ताब्यात घेतलेल्या, प्रदेशातील या भिंतीचे बांधकाम बेकायदेशीर आहे, ते थांबवावे, बांधलेला भाग पाडावा आणि ज्यांचे नुकसान झाले त्यांना भरपाई द्यावी. भिंतीमुळे जमिनीवर अशी स्थिती तयार होते की ती पुढे कायमची होऊन बसेल आणि मग ते प्रत्यक्षात सामिलीकरणच ठरेल, हा न्यायालयाचा इशारा होता. त्याला आता वीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे.

विरोधात गेलेले एकमेव मत अमेरिकी न्यायाधीश थॉमस बर्गेन्थाल यांचे. लहानपणी ऑशविट्झमधून वाचलेला हा माणूस. इस्रायलच्या सुरक्षेची चिंता त्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. न्यायालयासमोर सुरक्षेच्या गरजेविषयी पुरेशी माहिती आलेली नाही, तेव्हा मत देऊच नये, असे त्यांचे म्हणणे होते. मात्र त्याच निवेदनात त्यांनी नोंदवले आहे की चौथा जिनिव्हा करार इथे लागू होतो आणि वस्त्यांच्या संरक्षणासाठी बांधलेले भिंतीचे तुकडे त्यामुळेच मानवतावादी कायद्याचा भंग करतात. म्हणजे ज्यांचे नाव घेऊन आमचे नातेवाईक ‘एक तरी न्यायाधीश खरे बोलला’ म्हणतात, ते न्यायाधीशही त्यांच्या बाजूचे नाहीत.

ज्यांचे कारण देऊन ही भिंत बांधली ते पॅलेस्टिनी आत्मघातकी बॉम्बस्फोट झाले, हे मान्य. 2001 मध्ये तेल अवीवच्या डॉल्फिनेरियम डिस्कोच्या दारात तरुण मुले मारली गेली, मार्च 2002 मध्ये नेतान्या शहरातील हॉटेलात वल्हांडण या ज्यू सणाच्या जेवणाला बसलेली माणसे मारली गेली, आणि भिंत उभी राहू लागल्यानंतर असे हल्ले कमी झाले, हेही मान्य. रायगड जिल्ह्यातून तिकडे गेलेल्या बेने इस्राएल ज्यू कुटुंबांतील घराघरांत मराठी बोलणारी माणसेही त्या काळात जीव मुठीत धरून बसने जात होती आणि त्यांच्या भीतीला नावे ठेवण्याचा मला काडीचाही अधिकार नाही. परंतु बेत जालाच्या त्या म्हाताऱ्याला त्याच्या झाडांपासून तोडल्याने इस्रायलमधल्या अश्दोद शहराची बस सुरक्षित कशी होते, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही. भिंत त्याच्या झाडांच्या पलीकडे, ग्रीन लाइनवर असती, तरी बॉम्ब घेऊन येणारा तिच्यापाशीच अडला असता.

आणि हे माझ्यासारख्या वसईच्या बाईचे अगाध ज्ञान नव्हे. इस्रायलच्या स्वतःच्या सर्वोच्च न्यायालयाने, हेगच्या मताच्या केवळ काही दिवस आधी, 30 जून 2004 रोजी, बेत सुरिक या पॅलेस्टिनी गावाच्या खटल्यात हेच विचारले होते. सरन्यायाधीश अहरोन बराक यांनी सैन्याचा सुरक्षेचा दावा फेटाळला नाही, पण गावकऱ्यांच्या शेतीचे होणारे नुकसान आणि त्यातून मिळणारी जादा सुरक्षा यांची तुलना करून आव्हान दिलेल्या सुमारे 40 किलोमीटरपैकी 30 किलोमीटरचा मार्ग रद्द केला. याच न्यायालयाने पुढच्या वर्षी वस्त्यांतील रहिवाशांच्या रक्षणासाठी भिंत बांधण्याचा सैन्याचा अधिकार मान्य केला आणि तिथे ते हेगच्या विरुद्ध दिशेला गेले, हे मी लपवत नाही. मला तो निकाल पटत नाही, इतकेच. 2007 मध्ये याच न्यायालयात बिलईन या पॅलेस्टिनी गावाच्या बाजूने, कुंपणाचा मार्ग बदलण्याचा निकाल लागला, तर कुंपण प्रत्यक्षात हलायला 2011 उजाडले. ती चार वर्षे तिथले शेतकरी निकाल हातात घेऊन फाटकाबाहेर उभे होते. तरीही ते जिंकलेल्यांत मोडतात.

सरकारी उत्तर असे असते की भिंत तात्पुरती आहे, ती राजकीय सीमा नव्हे. तात्पुरते म्हणजे किती? काँक्रीट फक्त शहरांजवळच्या थोड्या भागात आहे. बाकी बहुतेक लांबीवर तारांचे इलेक्ट्रॉनिक कुंपण, दोन्ही अंगांना खंदक आणि गस्तीचे रस्ते, आणि पाऊलखुणा उमटाव्यात म्हणून विंचरून ठेवलेली वाळूची पट्टी, असा पन्नाससाठ मीटर रुंदीचा पट्टा आहे. त्या रुंदीत जी झाडे होती, ती तोडली. जैतुनाचे झाड पिढ्यानपिढ्या उत्पन्न देते, तेव्हा तात्पुरत्या कामासाठी ते तोडले असे म्हणणे ही शुद्ध थट्टा आहे. वेस्ट बँकेतील कल्किल्याला तर शहराला तीन बाजूंनी वेढून येण्याजाण्याला एकच मुख्य वाट उरली होती. बेथलेहेममध्ये ज्यूंना पवित्र असलेली राहेलीची कबर इस्रायलच्या बाजूला राहावी, म्हणून भिंत शहराच्या अंगात जिभेसारखी घुसवली आहे आणि तिच्या कडेचा हेब्रोनचा जुना रस्ता, जो एकेकाळी दुकानांनी गजबजलेला असे, तो ओस पडला आहे. त्या कबरीपाशी आमच्यापैकी कित्येकांनी प्रार्थना केली आणि ‘किती शांत जागा’ असे म्हटले.

हे लिहिताना राग थोडा ओसरला आहे, कारण आपल्या माणसांना दुष्ट म्हणणे मला जमत नाही. आमच्या बसमधल्या बायकांनी त्या गाईडच्या वडिलांसाठी त्याच संध्याकाळी मनापासून प्रार्थना केली होती आणि माझ्या मावसभावाने त्याला निघताना चांगली घसघशीत बक्षिसी दिली होती. त्याच मावसभावाच्या दिवाणखान्यात दर नाताळला बेथलेहेमहून आणलेला जैतुनाच्या लाकडाचा गोठा मांडला जातो, अतिशय देखणा, एकेका मेंढरावर लाकडाच्या रेषा दिसणारा. तरीही तो ‘ज्याचे घर’ म्हणतो. मला हे कोडे सुटत नाही.

न्यायालयाचे मत सल्लावजा होते, बंधनकारक नव्हते, हा आक्षेप खरा आहे. मात्र त्याच मतात न्यायालयाने इतर सर्व देशांनाही सांगितले होते की, या बेकायदेशीर स्थितीला मान्यता देऊ नका आणि ती टिकवायला मदत करू नका. त्या ‘इतर सर्व’ देशांत आपणही येतो. 19 जुलै 2024 रोजी त्याच न्यायालयाने 11 विरुद्ध 4 मतांनी पुढचे पाऊल टाकले आणि पॅलेस्टिनी प्रदेशातील इस्रायलचे वास्तव्यच बेकायदेशीर ठरवले. भिंतीचे तिथले भाग पाडावेत, हेही पुन्हा सांगितले. त्या अकरांमध्ये न्यायमूर्ती दलवीर भंडारी होते, जे एकेकाळी आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. दोनच महिन्यांनी, 18 सप्टेंबरला, हे मत अमलात आणण्याविषयीचा ठराव आमसभेत आला, तेव्हा 124 देशांनी बाजूने मत दिले आणि भारत तटस्थ राहिला. 1988 मध्ये पॅलेस्टाइनला मान्यता देणाऱ्या पहिल्या देशांपैकी एक असलेला भारत. परराष्ट्र धोरणात शस्त्रखरेदी असते, हितसंबंध असतात, हे मला कळते; पण मग गटावर ‘आपला देश सत्याच्या बाजूने’ असे संदेश पाठवू नयेत.

भरपाईचे म्हणाल, तर आमसभेने 2006 मध्ये भिंतीमुळे झालेल्या नुकसानीची नोंदवही ठेवणारे एक कार्यालय स्थापन केले, ते व्हिएन्नात आहे. ते अर्ज घेते, तपासते आणि नोंदवते. पैसे देण्याचा अधिकार त्याला नाही.

ऑक्टोबर 2023 पासून बेथलेहेमचे यात्रेकरू आटले आणि गाईडांचे काम बसले. आमच्या भागातील ज्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) पुन्हा यात्रेची नावे घेण्याचे ठरत असेल, त्यांनी आयोजकांना आधीच सांगून ठेवावे की बेथलेहेममध्ये दोन तासांत गोठा आणि दुकान उरकून परत फिरायचे नाही. मुक्काम तिथल्याच लोकांकडे करायचा आणि एक सकाळ बेत जालासाठी ठेवायची. मावसभावाचे नाव मी यादीत पहिले घालते आहे, त्याची हरकत असेल तर त्याने इथेच खाली लिहावे.